लिहून नेलंत, परत कधी सांगणार?

२०१९ च्या फेब्रुवारीत मी माण तालुक्यातल्या एका गावात फॉर्म भरत फिरत होते. दुष्काळाचं वर्ष होतं. गडीमाणसं जनावरं घेऊन छावणीत मुक्कामाला, घरात म्हाताऱ्या, सुना आणि शाळेतून आलेली पोरं. एका मोठ्या सर्वेक्षणात मी अन्वेषक होते आणि दिवसाला सहा घरं झालीच पाहिजेत असा कोटा होता. जमीन किती, जनावरं किती, कर्ज कुणाचं, गेल्या वर्षात घरात कोण आजारी पडलं, दवाखान्याला किती गेले, असं करत करत प्रश्नावली शेवटच्या पानावर यायची. त्या पानाचं नाव होतं ‘आयुष्याबद्दलचं समाधान’.

तिथे एक शिडी काढलेली होती. खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात ही शिडी मांडली आणि आज जागतिक आनंद अहवालात देशांची क्रमवारी तिच्यावरच लागते. २०२५ च्या अहवालात भारत १४७ देशांत ११८ वा होता, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या आकड्याच्या मुळाशी असाच कुठेतरी एक उंबरा असतो आणि उंबऱ्यावर बसलेलं एक माणूस असतं.

माझ्यासमोर बसलेल्या आजींनी शिडीकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “वरच्या पायरीवर कोन हाय?”

म्हटलं, “कुणी नाही आजी. तुम्हीच मनाशी ठरवायचं.”

“मंग पाच लिव्ही. पाचाला कुनी नावं ठेवत न्हाई.”

मी पाच लिहिलं. सून कोरा चहा घेऊन आली. गाय छावणीत असल्यामुळे दूध नव्हतं आणि त्याचं तिला अवघडल्यासारखं झालं होतं. मी पॅड बंद केलं तेव्हा आजी म्हणाल्या, “एवढं लिवून नेतीस, पोरी. आमास्नी परत कवा सांगनार?” मी म्हटलं, रिपोर्ट निघेल. “कुटं?” पुण्याला. एसटी येईल म्हणून कुणी सांगितल्यावर माणूस जशी मान हलवतं, तशी त्यांनी हलवली.

रिपोर्ट निघाला. दोन वर्षांनी निघाला, इंग्रजीत. त्यात अख्खा माण तालुका एका तक्त्यातली एक ओळ होता.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवरून बोलणं निघालं, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल विधिमंडळात झाला. संशोधक विद्यार्थी चिडले, आंदोलनं झाली. मलाही राग आला होता. पण तो ओसरल्यावर लक्षात आलं की हाच सवाल मी पारावर, एसटीत, स्वतःच्या माहेरच्या ओसरीवर कितीतरी वेळा ऐकलेला आहे. “सर्व्हेवाल्या येतात, लिहून नेतात, पुढं काय होतं?” नेता बोलला म्हणून त्याची बातमी झाली एवढंच. लोकांच्या मनात तो प्रश्न आधीपासून होता.

माझं म्हणणं सरळ आहे. या राज्यात समाजाचा, संस्कृतीचा, लोकांच्या सुखदुःखाचा अभ्यास भरपूर झालेला आहे. त्यातला बराच उत्तम आहे आणि तो इतक्या तऱ्हांनी होतो हीच त्याची ताकद आहे. पण ज्यांचा अभ्यास केला त्यांना तो त्यांच्या भाषेत परत जाऊन सांगायची रीत आपण लावली नाही. ती रीत नाही म्हणून लोकांचा या कामावर विश्वास नाही, आणि विश्वास नाही म्हणून दिवे लावण्याच्या सवालाला टाळ्या पडतात. निधी कापायचा झाला तर पहिला हात इथेच पडतो आणि अडवायला कुणी उभं राहत नाही. ज्यांनी आपल्या घरातलं सगळं उघडून सांगितलं ते तरी कशाला उभे राहतील?

आधी या कामाच्या बाजूने बोलते, कारण ते पुरेसं बोललं जात नाही.

आज पिंपळे सौदागर म्हटलं की टोलेजंग सोसायट्या, मॉल आणि हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोर येते. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं एक साधं खेडं होतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी त्या गावात घरोघर जाऊन जमीन, पीक, कर्ज, खाणंपिणं यांची पाहणी केली आणि १९१७ साली ती छापली. त्यातला एक हिशेब अजून अंगावर येतो. १७७१ मध्ये तिथली सरासरी धारण सुमारे ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. पेशवाईच्या काळापासूनचे कागद आणि समोरचं शेत यांचा मेळ घालून एका गावापुरतं एवढंच शोधलं, पण जमिनीचे तुकडे पडणं म्हणजे काय ते त्यातून साऱ्या देशाला दिसलं. एका गावाचा अभ्यास करून काय मिळणार असं तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं. आज ते गाव उरलेलं नाही, तिथे सात एकरांचा शेतकरी नाही. तो कसा जगत होता हे त्या पाहणीमुळेच आपल्याला कळतं.

१९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहराचीच पाहणी हाती घेतली. कोण काय कमावतं, किती खोल्यांत किती माणसं राहतात, मुलं कुठल्या वयात शाळा सोडतात. पुढे तेच गाडगीळ भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली २०१९ ते २१ या काळात देशातल्या ६,३६,६९९ घरांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायका रक्तक्षयाच्या आहेत हे आपल्याला त्या पाहणीतून कळतं. हा आकडा त्याआधीच्या फेरीत ४८ होता. म्हणजे वाढला आहे, आणि तोही आपण स्वतःला प्रगत म्हणवतो त्या राज्यात.

मोजण्याचं काम हे असं. पण याच्याच शेजारी अगदी वेगळ्या जातीचं काम उभं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आज तो संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेलेला आहे. पहाटे तीनला उठून दळताना बाईने जे म्हटलं ते तिने कुणा अन्वेषकाला सांगितलेलं नव्हतं, ते समोर बसून जातं ओढणाऱ्या दुसऱ्या बाईला सांगितलेलं होतं. माहेर, भाऊ, सासूचा जाच, नवऱ्याची मारहाण, बाबासाहेब, पंढरी, सगळं त्यात आहे. माझ्या शिडीच्या पानावर आजींनी पाच सांगून मला वाटेला लावलं. त्याच आजी जात्यावर काय बोलल्या असत्या ते कुठल्याही पायरीवर बसवता आलं नसतं. मला मोजण्याचं काम कमी लेखायचं नाही, मी त्यातच वाढले आहे. पण समाधान या विषयावर मला विचाराल तर त्या ओव्यांमध्ये जास्त माहिती आहे.

म्हणून ‘उपयोगाचं तेवढंच संशोधन करा’ हे म्हणणं मला पटत नाही. कुठलं उपयोगी पडेल हे आधी कळत नाही. डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्व्यांनी हाडं आणि कवट्या मोजल्या, नात्यांच्या रचना अभ्यासल्या, वारीबरोबर चालल्या, आणि शेवटच्या काळात जाई निंबकरांबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही केली. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवट्यांच्या मोजमापातून युरोपीय मेंदू सरस असल्याचा पुरावा निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. तरुण इरावतीबाईंनी मोजलं आणि तसं काही निघत नाही असं त्यांच्याच समोर लिहून दिलं. ही हिंमत ज्या माणसात असते त्याला पुढे कुठला विषय द्यायचा हे मंत्रालयातून ठरवता येत नाही. कोयनेचा अभ्यास मात्र मला नेहमी रुतून बसतो. १९६९ साली तो इंग्रजीत छापला गेला. कोयनेची माणसं रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली आणि त्यांची नातवंडं जमिनीच्या हक्कासाठी अजून उपोषणाला बसतात. आपल्या आजोबांना काय सोसावं लागलं याची नीट नोंद तेव्हाच झाली होती हे त्या मंडपातल्या किती जणांना ठाऊक असेल?

ज्या कामाने खरोखर माणसं वाचवली ते गडचिरोलीचं. ते थोडं सावकाश सांगते, कारण त्यात माझ्या म्हणण्याचं सार आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये तिथे गेले. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक होता. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातली बाई म्हटली की सरकारी यंत्रणेला कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच दिसायचं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, मूल न होणं याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते कुणाच्या आकड्यात नव्हतं.

मग नवजात बाळांचा प्रश्न घेतला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला न्यूमोनिया झाला हे ओळखायचं तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि दाईला तेवढं मोजता यायचं नाही. त्यासाठी त्यांनी एक साधं यंत्र केलेलं होतं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाजूला तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत आलात तर बाळाला न्यूमोनिया आहे. निरक्षर बाईच्या हातात विज्ञान द्यायचं तर ते कसं द्यायचं याचं इतकं नितळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ पर्यंत खाली आला होता. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. आज तुमच्या गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचं वजन करते, अंग तापलंय का पाहते, ती वाट गडचिरोलीहून निघालेली आहे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ४ रुपये होता आणि तो पागे समितीच्या हिशेबावर बेतलेला होता. अभय बंगांनी तो हिशेब पुन्हा मांडला. मजुराच्या पोटाला, कुटुंबाला लागतं किती ते जोडत गेले आणि समितीचा हिशेब कुठे चुकला ते दाखवून दर १२ रुपये हवा असं सिद्ध केलं. कागदावरच्या बेरजेत चूक होती आणि ती लाखो मजुरांच्या ताटातून वसूल होत होती.

हे काम परदेशी नियतकालिकात छापलं गेलं म्हणून मोठं झालं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ते मोठं झालं कारण आरोग्यदूत आणि दाया त्या संशोधनाच्या आत होत्या. आपल्या गावात बाळं कशाने मरतात हे त्या गावाला कळलं होतं. माहिती ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच ती आधी पोचली.

याच्या उलट बीडचं पाहा. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढून टाकण्याचं प्रमाण भयंकर आहे हे गावागावात माहीत होतं. पिशवी काढली की खाडा नाही, खाडा नाही म्हणून मुकादमाचा दंड नाही, हे गणित कोपीत राहणारी प्रत्येक बाई सांगू शकली असती. २०१९ मध्ये बातम्या आल्या, विधिमंडळात आवाज उठला, तेव्हा पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांची चौकशी केली, त्यांत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी पस्तिशीच्या आतल्या. इतकी वर्षं त्या भागात कितीतरी पाहण्या झाल्या असतील, आमच्यासारख्या मुली पॅड घेऊन किती कोप्यांत वाकून गेल्या असतील. आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता, कारण प्रश्न पुण्यामुंबईत आणि दिल्लीत तयार होऊन येतात. एकदा जरी निष्कर्ष घेऊन कुणी परत गेलं असतं, बायकांसमोर वाचले असते, तर कुणीतरी उठून म्हणाली असती, “ते समदं खरं, पन पिशवीचं कुटं हाय ह्यात?”

परत जाण्याने उपकार फिटतात एवढाच माझा मुद्दा नाही. परत गेल्यावर संशोधनातली चूक कळते.

जुन्या मराठी पत्रांची सुरुवात आठवते? इकडे सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी. आधी आपली खुशाली सांगायची, मग समोरच्याची विचारायची. आमच्याकडे आता या विषयाला ‘वेलबीइंग’ म्हणतात आणि त्याला मराठीत काय म्हणायचं यावर चर्चासत्रात वाद होतात. कल्याण, स्वास्थ्य, हित, सगळे शब्द चालून पाहतात. ‘क्षेम’ आपल्याकडे होताच, त्याच्यामागे योगक्षेम होता, रोजच्या बोलण्यात खुशाली होती. आणि तो विचारण्याची रीतही होती, दोन्ही बाजूंनी बोलण्याची. फॉर्म भरताना मी फक्त दुसरं वाक्य म्हणत होते.

भाषेचा मुद्दा निघाला की ठरलेलं उत्तर येतं. जगाशी बोलायचं तर इंग्रजीत लिहावं लागतं, मराठीत परिभाषा नाही. पहिली गोष्ट मान्य. बंगांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं नसतं तर दिल्लीने ऐकलं नसतं. दुसरी मान्य नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे, ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांनी मराठीत गंभीर समाजविचार करून दाखवलेला आहे. आणि निष्कर्ष परत सांगायला परिभाषा लागतेच कशाला? “तुमच्या गावात शंभरातल्या चाळीस घरांनी दवाखान्यासाठी कर्ज काढलं, आणि ते बहुतेक सावकाराकडून,” हे सांगायला कुठला कोश उघडावा लागतो? अडतं ते दुसरीकडेच. सोपं लिहिलं तर काम हलकं वाटेल अशी भीती असते, आणि परत गेलं तर लोक उलट प्रश्न विचारतील ही दुसरी.

या भीतीच्या पार जाऊन राहिलेली माणसं आपण पाहिली आहेत. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठीत कोण कसं बोलतं, जातीप्रमाणे आणि शिक्षणाप्रमाणे बोली कशी बदलते यावर त्यांनी पीएच.डी. केली. प्रबंध झाल्यावर निघून न जाता फलटणलाच राहिल्या, इथलं नागरिकत्व घेतलं आणि ज्या मुलांची बोली अभ्यासली होती त्या घरांतल्या मुलांना लिहायवाचायला शिकवणारी शाळा काढली. गेल ऑम्व्हेट सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहायला आल्या आणि कासेगावच्या झाल्या. प्रत्येकाने असं आयुष्य द्यावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण चार तास परत येऊन बसावं, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आता आपल्या घरातलं बोलू. आज विद्यापीठांत समाजशास्त्राच्या नावाखाली जे प्रबंध होतात त्यातले बरेच मी वाचले आहेत, काहींची टंकलेखनाची कामंही केली आहेत. अमुक तालुक्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास. पाच प्रकरणं, शंभर उत्तरदाते, गोल आकृत्या, शेवटी शिफारशी: शासनाने जनजागृती करावी. शंभर फॉर्म कुठल्या गावात भरले म्हणून विचारलं तर नजर दुसरीकडे जाते. स्टॅंडवर चहा पीत एका शाईने भरलेले फॉर्म मी पाहिले आहेत. चार-पाच हजार भरले की महिन्यात लेख छापून देणारी नियतकालिकं निघाली, कारण पीएच.डी.ला आणि बढतीला छापील लेख हवा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी मान्य नियतकालिकांच्या याद्या केल्या, मग त्यांतली हजारो नावं वगळली, २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्तीच काढली. ही सगळी मलमपट्टी आहे. दुखणं हे की या प्रबंधाची वाट पाहणारं कुणी नाही. मार्गदर्शक, दोन परीक्षक आणि मग कपाट. ज्या गावाचं नाव मुखपृष्ठावर आहे त्या गावात तो एकदा वाचावा लागणार असेल, तर स्टॅंडवर बसून फॉर्म भरायची कुणाची छाती होईल? गावातला एकही माणूस उठून “आमच्याकडं तर कुनी आलंच न्हाई” म्हणाला की संपलं.

म्हणून मला नियम हवा आहे. सदिच्छेवर सोडून चालणार नाही. सार्वजनिक पैशातून, मग ती अधिछात्रवृत्ती असो की मोठा प्रकल्प, लोकांकडून माहिती घेतली असेल तर आठ-दहा पानांचा मराठी सारांश आणि त्या गावात किंवा वस्तीत एक वाचन झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आदिवासी भागात तो सारांश तिथल्या बोलीत तोंडी सांगावा. ग्रामसभा होतातच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. विषयपत्रिकेत अर्धा तास मागता येतो. राज्यात दहा हजारांहून जास्त अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, तालुक्याच्या ग्रंथालयात त्या तालुक्यावर झालेल्या अभ्यासांचं एक कपाट असायला काय हरकत आहे? खर्चाचं म्हणाल तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवास, मानधन, झेरॉक्स, चर्चासत्र, सगळ्याला शीर्ष असतं. परत जाण्याला नसतं. ते एक शीर्ष घालायचं आहे.

काही निष्कर्ष परत सांगणं धोक्याचं असतं, हे मी जाणून आहे. घरातली मारहाण, जातीतला तंटा, कुणाचं कर्ज, हे गावासमोर वाचता येत नाही. छोट्या गावात नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो. तिथे बायकांशी वेगळं बसावं, आकडे तालुक्याचे सांगावेत, काही गोष्टी फक्त त्या त्या माणसाला सांगाव्यात. कुटुंब आरोग्य पाहणीत बोट टोचून रक्त तपासलं की त्या बाईला तिथल्या तिथे, तिच्या घरात, तिचं हिमोग्लोबिन सांगतात आणि फारच कमी असेल तर दवाखान्याची चिठ्ठी देतात. एवढ्या लाखो घरांत हे जमतं. रक्ताचं जमतं तर बाकीचंही जमवता येईल, नीट विचार केला तर.

गेल्या वर्षी मी त्या जुन्या अहवालातला माणचा भाग काढला, जिल्ह्याचे आकडे बाजूला लावले आणि नऊ पानं मराठीत लिहून काढली. कुणी सांगितलेलं नव्हतं, रजा टाकून गेले. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. सुनेने ओळखलं, “कोऱ्या चाच्या मॅडम” म्हणाली. यावेळी चहात दूध होतं. समाजमंदिरात चौदा-पंधरा बायका जमल्या, दोन पोरं, एक निवृत्त शिक्षक. मी वाचत गेले. कर्जाच्या आकड्यावर माना हलल्या. शिडीचा भाग आला तेव्हा मी सांगितलं की गावातल्या बहुतेकांनी पाचच सांगितलं होतं, आणि सगळ्याजणी हसायला लागल्या. “मंग, आनि काय सांगनार?”

मग पाण्याचं पान आलं. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत: नळ, घरात. बहुतेक घरांपुढे तीच खूण होती, माझ्याच हाताने केलेली.

“नळ हाय की,” सून म्हणाली, “पानी कुटं हाय? म्हैन्यातनं दोनदा येतंय. टँकरचं पितो आमी. तवा बी टँकरच होता.”

शेजारची म्हणाली, “आन त्याचं बी पैसं घेत्यात, ते लिवलंय का?”

मी पेन काढलं. नवव्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या सांगत होत्या तसं लिहायला लागले, टँकर कुठल्या वारी येतो, कोण पाठवतं, बॅरलला किती घेतात. शिक्षक म्हणाले, थांबा, मागच्या दुष्काळातला दर माझ्या डायरीत आहे, आणि ते डायरी आणायला घरी गेले.